पहिली ओळ

मल्लिनाथअप्पांचं डोकं शाबूत होतं तोवर या घराला घरच्या मळणी मशीनच्या पाळ्या कुठं लिहून ठेवाव्या लागल्या नाहीत. सोयाबीन कापून रानात गंजी लागल्या की उजाडायच्या आत ओट्यावर माणसं येऊन बसत. कुणाची गंजी कोणत्या रानात, कुणाच्या बांधावरून ट्रॅक्टर निघत नाही, कोण सोमवारी मशीन लावत नाही, सगळं अप्पांना तोंडपाठ. बोट दाखवून म्हणायचे, तुझं उद्या, जा घरी. आणि मशीन उद्याच जायचं. उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यापर्यंत त्यांच्या शब्दाला किंमत होती आणि अप्पांना त्याचा थोडा गर्वही होता. का नसावा?

मागच्या श्रावणात पूजेला बसलेले अप्पा एका अंगावर कलंडले. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. औषधपाण्यानं तोंड सरळ झालं, हातही थोडाफार उचलायला लागला, पण आठवणीला गळती लागली ती लागलीच. सुगीत त्यांनी एकच सकाळ दोघांना देऊन टाकली. त्यांचा मुलगा बसवंत मशीन घेऊन गेला तेव्हा दोन्हीकडच्या माणसांनी त्याला रानात अडवलं आणि एकानं फावड्याचा दांडा त्याच्या खांद्यात घातला. त्या दिवसापासून अप्पा ओट्यावर बसेनात. आत देवघरापाशी बसून राहायचे आणि कुणी पाळी विचारली की म्हणायचे, "माझं डोकं गेलं बाबा. मला इचारू नको."

बसवंताची बायको उज्वला, तिला हे बघवेना. लग्नाआधी उदगीरला तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि माहेरहून आणलेला जुना लॅपटॉप साड्यांच्या खाली दडवून ठेवला होता. यंदा पेरणी झाल्यावर तिनं तो बाहेर काढला. आधी ऑनलाइन शीट केली. गाव, नाव, रान, तारीख, फोन असे रकाने पाडले. मग व्हिडिओ बघून बघून, तीनतीनदा चुकून, एक साधं पान तयार केलं. शीटमध्ये जे भराल ते पानावर आपोआप दिसायचं. आजची पाळी कुणाची, उद्याची कुणाची, कुणीही आपल्या फोनवर लिंक दाबून बघावं. शीटची पहिली ओळ वाचून पानाला कळायचं की नाव कोणत्या रकान्यात आहे आणि तारीख कोणत्या. ज्या दिवशी काम नसेल त्या दिवसासाठी तिनं एक वाक्य लिहून ठेवलं होतं, 'आज एकही पाळी नाही.' लोकांना उगाच ताटकळत ठेवू नये, एवढाच तिचा विचार होता.

बसवंत आधी हसला. मग खांदा चोळत म्हणाला, बरं हाय, आता तोंडी काही चालणार न्हाई, पानावर असंल तेच खरं. गावातही त्यानं तसंच सांगून टाकलं.

उज्वला सासऱ्यांना मामा म्हणायची. तिनं त्यांनाही शेजारी बसवून सगळं दाखवलं. ती रानात असताना घरच्या फोनवर कुणाचा निरोप आला तर ओळ कशी भरायची, मध्ये नवी ओळ घालायची असली तर बोट कुठं दाबून धरायचं. अप्पांनी डोळे बारीक करून शीट वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारलं, "वर काहीच न्हाई लिवलं?" चोपडी असो, लग्नपत्रिका असो, बियाण्याचा हिशेब असो, देवाचं नाव घातल्याशिवाय अप्पांनी जन्मात कशाला हात लावला नव्हता. उज्वला हसून म्हणाली, याला लागत नाही मामा. पण पुढं अप्पांनी त्या शीटला बोटही लावलं नाही. घरातल्या या नव्या कारभाऱ्याशी त्यांचा अबोला होता म्हणा ना.

या पानाचा सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल तर गुणाबाईला. गुणाबाई पलीकडच्या गल्लीतली. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली, एकुलती मुलगी मुदखेडला दिलेली. ओढ्याकाठी जमिनीचा तुकडा होता, तो ती एकटीच्या अंगावर करायची. अप्पांच्या ओट्यावर पुरुषांच्या घोळक्यात तिला कधी बसता आलं नाही. लांब लिंबाखाली उभी राहायची आणि तिची पाळी दरवर्षी सगळ्यांच्या मागून लागायची. यंदा पान सुरू झालं त्याच दिवशी उज्वलानं तिचं नाव भरलं. गुणाबाईला वाचता येत नव्हतं, तरी ती शेजारच्या आरतीचा फोन हातात घेऊन आपलं नाव कुठं आहे ते विचारायची आणि त्यावर बोट ठेवून बघायची. दसऱ्यानंतरची पहिली पाळी तिची होती. आधीच्या पावसानं अर्धं रान पाण्यात गेलं होतं, उरलं ते तिनं विळ्यानं एकटीनं कापून गंजी लावली होती. वर्षभराचं खाणं, दुखणंखुपणं, मुलीकडं जाणंयेणं, सगळं त्या गंजीत होतं.

दसऱ्याला मशीन धुऊन पुसून अंगणात उभं केलं. पट्ट्याला कुंकू, ट्रॅक्टरच्या तोंडाला झेंडूची माळ. त्या दिवशी अवजार चालवायचं नाही. अप्पांनी विळे, नटबोल्टाचे पाने, पहार, वजनकाटा ओळीनं मांडले, सगळ्यांना विभूती लावली आणि मग घरचा फोनही त्या ओळीत ठेवला. त्यालाही विभूतीचं बोट लावलं, वर झेंडूचं फूल. उज्वला दारात थांबून बघत होती. एवढ्या महिन्यांनी मामांनी तिचं काम आपलं म्हटलं होतं. पूजा झाल्यावर अप्पा बराच वेळ फोन डोळ्यांजवळ धरून बसलेले तिनं पाहिलं. पावसापाण्याचं बघत असतील असं समजून ती पुरणाकडं वळली. सणाच्या दिवशी पाळी बघायला कोण पान उघडतंय?

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत ती विळा घेऊन वरच्या रानात गेली. घरचं सोयाबीन शेवटी कापायचं ही या घराची रीतच. लोकांच्या गंजी मळून होईपर्यंत आपलं उभं वाळून तडकायचं. ती एकटीच कापणीच्या पातीला लागली. वाळल्या शेंगांची टोकं सुईसारखी बोटांत घुसत होती, जुनं पातळ फाडून बांधलेल्या चिंध्या रक्तानं चिकटल्या होत्या. दुपार कलली तसं वारं पडलं. अंगाला चिकट घाम सुटला, कानाशी चिलटं गुणगुणायला लागली आणि खालच्या अंगाला आभाळ काळंनिळं दाटून आलं. उज्वलानं विळा कमरेला खोचला आणि घराकडं पळत सुटली.

अंगणात मशीन नव्हतं. तिला बरं वाटलं. गुणाबाईचं झालं असणार. आत जाऊन तिनं अप्पांना तसं विचारलं, तर अप्पा म्हणाले, मशीन राजशेखरशेटच्या रानात गेलंय, सडकेच्या पलीकडं.

उज्वलाला कळेचना. गुणाबाईची पाळी होती ना?

"मला बी तसंच वाटलं," अप्पा म्हणाले. "सकाळी बसवंतला म्हनलो, आज गुणाबाईचं हाय न्हवं? त्यानं फोन दाखवला. पान म्हनतंय न्हाई. मग गप बसलो. माझं डोकं गेलंय, पानाचं थोडंच गेलंय?"

राजशेखर मोंढ्यातला आडत्या, रानंही मोप. त्याचा फोन आला तेव्हा बसवंत मशीन रिकामं घेऊन उभा होता. पानावर एकही पाळी नव्हती, म्हणून गेला. त्याचं तरी काय चुकलं?

उज्वलानं फोन उचलला. काचेवर कालचं विभूतीचं बोट तसंच होतं. ते पदरानं पुसून तिनं पान उघडलं. 'आज एकही पाळी नाही.' तिचंच वाक्य. उद्याही नाही, परवाही नाही. मग तिनं शीट उघडली. सगळी नावं जागच्या जागी होती. फक्त सगळ्यांच्या वर एक नवी ओळ आली होती आणि तिच्यात एकएक अक्षर जपून टिपलेलं होतं, ॥ श्री गुरु बसवलिंगाय नमः ॥

बापरे. पहिल्या ओळीत पान नाव शोधत होतं, तारीख शोधत होतं. त्याला तिथं देव सापडला. देवाचं काय करायचं ते तिनं पानाला शिकवलंच नव्हतं. रकानेच ओळखू येईनात तेव्हा काही सापडलं नाही, एवढंच त्यानं जगाला सांगितलं. त्या जागी तिनं 'काहीतरी बिघडलंय, फोन करा' असं एखादं वाक्य लिहून ठेवलं असतं तरी भागलं असतं. पण बिघडेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजले. अप्पा देवघराकडं तोंड करून बसलेले. उज्वलानं त्यांच्या पाठीकडं पाहिलं, ती ओळ बोटाखाली दाबून धरली आणि पुसून टाकली. पान पुन्हा उघडलं तर सगळ्या पाळ्या परत आल्या होत्या. सगळ्यात वर गुणाबाई.

ती ओढ्याकडं धावली. वाटेत आरतीनं दारातून ओरडून सांगितलं की सकाळी गुणाबाईनं तिला पान बघायला लावलं होतं. पाळी नाही म्हटल्यावर बाई म्हणाली, मग आजचा रोज कशाला बुडवू, आणि ओढ्यापलीकडं दुसऱ्याचं सोयाबीन कापायला गेली. जाताना गंजीवरची ताडपत्री काढून गेली. दव बसलंय, ऊन खाऊ दे, उद्या मशीन आलं तर दाणा कोरडा निघेल.

रानात पोहोचेपर्यंत पाऊस कोसळायला लागला होता. गंजी उघडी. ताडपत्री घडी करून बांधावर, वर दगड. उज्वलानं दगड ढकलला आणि ताडपत्री ओढली, पण वाऱ्यानं ती फडकून तिच्याच अंगावर आली. एक टोक गंजीवर टाकावं तर दुसरं उडायचं. पायाखालची काळी माती लोण्यासारखी झाली, उज्वला दोनदा तोंडावर आपटली. शेवटी पोटावर पालथी पडून तिनं अंगाच्या वजनानं ताडपत्री दाबली आणि हाताला लागतील ते दगड लावले. तोवर पाणी गंजीच्या पोटात गेलं होतं. खाली हात घातला तर काड वाफाळत होतं.

ओढ्याच्या पलीकडं गुणाबाई उभी होती. डोक्यावर गोणपाट, हातात विळा. मध्ये गढूळ पाणी घोंगावत चाललेलं. दोघी एकमेकींना दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. गुणाबाईनं एकदा हात वर केला. ती काय विचारते आहे ते उज्वलाला कळलं आणि खाली वाकून ती आणखी दगड लावत राहिली.

पाऊस लागूनच राहिला. उघडीप मिळाली की उज्वला गुणाबाईच्या रानात जाऊन गंजी उलथायची. दोघी समोरासमोर वाकून काड पसरायच्या, पाऊस आला की पुन्हा गोळा करायच्या. आंबूस वास नाकात बसला. हात कोपरापर्यंत काळे झाले. गुणाबाई तिला एका शब्दानं बोलली नाही. दुपारी आपल्या भाकरीतली अर्धी तिच्या हातावर ठेवायची. मग शेंगांची तोंडं उकलली आणि दाण्यांतून पांढरे कोंब बाहेर आले. त्या दिवशी गुणाबाईनं काड पसरायचं सोडून दिलं.

ऊन पडल्यावर बसवंतानं गुणाबाईच्या रानात मशीन लावलं, पैसे न घेता. निघाला तो काळा, चिकट, बुरशी धरलेला दाणा. मोंढ्यात नमुना नेला तर एका आडत्यानं मूठ नाकापाशी नेली आणि पोत्यात परत टाकली. तोवर इकडं घरच्या फोनवर एकेकाचे निरोप येत होते. अमक्यानं देगलूरकडचं मशीन बोलावलं, तमक्याचं मळून झालं, अमुक म्हणतो तुमच्या पानाचा भरवसा न्हाई. बसवंत दात आवळून एकेक नाव शीटमधून काढत होता. रात्री जेवताना त्यानं बायकोकडं बघितलं नाही. शिकलेली बायको केली की असं होतं, हे तो गावात कुणाजवळ तरी बोलला आणि ते फिरून तिच्या कानावर आलं.

सोमवारी सकाळी गुणाबाई ओट्यावर आली. जन्मात पहिल्यांदा ती ओट्यावर चढून बसली. पदरात कोंब आलेल्या शेंगांची मूठ होती, ती तिनं अप्पांच्या पुढ्यात ठेवली. भांडायला आले नाही म्हणाली, फक्त कसं झालं ते सांगा. माझं नाव तर होतं, मी बोट ठेवून बघितलं होतं.

अप्पांनी सुनेला हाक मारली. बसवंत दाराशी येऊन उभा राहिला.

उज्वला चौकटीला धरून उभी होती. सांगायला चार शब्द पुरले असते. तिनं अप्पांचा उजवा हात पाहिला. मांडीवर पडलेला. याच हातानं त्यांनी एकेक अक्षर शोधून ते नाव लिहिलं होतं. किती वेळ लागला असेल त्यांना. एका झटक्यानं खचलेल्या माणसाला आपण अजून कामाचे आहोत असं वाटलं असेल. गुणाबाईचं पीक आपल्या बोटानं नासलं हे त्यांना कळलं तर ते पुन्हा कशाला हात लावतील का? आणि आपण गप बसलो तर आपलं काय, हेही तिला ठाऊक होतं. लॅपटॉप पुन्हा साड्यांखाली जाणार होता, आणि या वेळी कायमचा.

"चूक माझी झाली मामी," ती गुणाबाईला म्हणाली. "पानात बिघाड झालता. माझ्या ध्यानात आलं न्हाई."

गुणाबाईनं मान खाली घातली. बसवंत थुंकायला बाहेर गेला. संपलं, असं उज्वलाला वाटलं. पण अप्पांनी फोन मागितला. त्याच हाताच्या बोटानं चाचपडत त्यांनी शीट उघडली, अगदी वर नेली आणि बघत राहिले.

"हितं वर देवाचं नाव लिवलं होतं म्या," ते म्हणाले. "दसऱ्याला. कुठं गेलं?"

अप्पांनी मान वर केली. "तू पुसलीस?"

"हाव मामा."

"कवा?"

"पाऊस यायलता तवा."

अप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, हळूहळू, नाव पुसलं म्हणून पीक गेलं, असा पुष्कळ दिवस न लागलेला हिशेब लागावा तशी. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर खात्री होती. गुणाबाईनं तोंडाला पदर लावला. एवढे दिवस अर्धी भाकरी देणाऱ्या त्या बाईच्या डोळ्यांत उज्वलाबद्दल भीती उतरली.

"देवाचं नाव कामून पुसलीस माय?" ती म्हणाली. "माझा तरी इचार करायचास."

गुणाबाई उठली, पायऱ्या उतरली. जाताना शेंगा तिथंच ठेवून गेली.

अप्पांनी फोन सुनेपुढं धरला आणि नाव परत वर लिही म्हणाले. तिनं लिहिलं. ते एकेक अक्षर सांगत गेले, ती टिपत गेली. मग सवयीनं तिनं पान उघडून बघितलं. 'आज एकही पाळी नाही.' देवाचं नाव वर ठेवून खालच्या ओळीपासून वाचायला पानाला सांगता आलं असतं. लॅपटॉप आत होता, थोडक्यात झालं असतं. त्या पावसात हे सुचलं नव्हतं, आता सुचूनही तिनं केलं नाही. शीटमध्ये त्या नावाखाली नुसते रकाने उरले होते, माणूस एकही नव्हता.

अप्पांनी कोंब आलेल्या शेंगा बाजूला सारल्या, धोतर सावरलं आणि जुन्या जागी भिंतीला टेकून बसले. उज्वलाला म्हणाले, चहा जास्तीचा टाक, आता माणसं येतील. तिनं पातेलं भरून आधण ठेवलं. अप्पा दुपारपर्यंत रिकाम्या रस्त्याकडं बघत बसले होते.